एक माप जास्त

लुगडं नेसून मी उमेदीची सगळी वर्षं काढली. नाटक कंपनीत बायकांची कामं करायचो. नायिका, सवत, सासू, राणी, जे वाट्याला येईल ते. लाज नाही का वाटायची, असं अजूनही कुणीतरी विचारतंच. मी म्हणतो, बाबा रे, तुझी आई रोज नेसते, आधी तिला विचारून ये. मग तो विषय बदलतो.

माझं गाव नरडाण्यापासून बैलगाडीच्या टप्प्यातलं. घरची शेती कापसाची आणि ज्वारीची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. कंपनीत गेलो त्याच्या पुढच्या वर्षी नऊवारीतला, अंबाड्यात फूल खोवलेला माझा फोटो घेऊन मी हौसेनं घरी आलो. आबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, मग पालथा करून कोनाड्यात ठेवला. म्हणाले, "आजपाईन तुन्हं माप मन्हा घर नही." आजपासून तुझं माप माझ्या घरात नाही. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. माय चुलीपुढे होती, तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. मी आलेल्या गाडीनंच परत गेलो.

खानदेशाबाहेरचा माणूस म्हणेल, त्यात काय एवढं? म्हणून मापाचं सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातला ठेवणीतला नारळ काढायचा, त्याला डोळे, नथ, कुंकू लावून चौरंगावर बसवायचं, लुगडं नेसवायचं, कण्हेराची फुलं वाहायची. रात्रभर बायकांनी गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी डोक्यावरून नदीवर नेऊन बोळवण करायची. त्या सणाचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात. थोरल्या आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकेक माप. त्याच गव्हाचे रोट करायचे आणि ते फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचे. जावयालासुद्धा मिळत नाहीत. उरले तर टाकता येत नाहीत, दुसऱ्याला देता येत नाहीत. तेव्हा माप नाही म्हणजे काय, ते समजा. घरात जागा नाही असं कुणी म्हणालं तर ओसरीवर तरी पडता येतं. माप नाही म्हटल्यावर ओसरीही गेली.

आमच्या घरी माप आबा टाकत. नाव घ्यायचं, माप टाकायचं. पुढं दर श्रावणात, कंपनी कुठंही असो, त्या रविवारी माझ्या मनात एकच यायचं. माझ्या धाकट्या भावाचं नाव घेऊन झाल्यावर आबा थांबत असतील की नसतील? रागही यायचा. असा राग, की तोंडाला रंग लावता लावता पुसून टाकावा. पण रागापेक्षा जास्त ती उत्सुकता होती. ती काही केल्या जाईना.

कंपनीचे मालक देशावरचे. नाटकात काम करताना गाण्यापेक्षा डोळ्यांनी जास्त बोलायचे, आणि प्रत्येक माणसाला पहिला प्रश्न विचारायचे, तू कुठला? तेवढ्यावर थांबायचे नाहीत. मग तुझे आजोबा कुठले? मग इकडे का आले? बोलपटांनी तेव्हा नाटकवाल्यांच्या नरड्यावर पाय दिला होता. राजेराण्यांची जुनी नाटकं लोकांना पाठ झाली होती. मालकांनी त्या वर्षी ठरवलं, पावसाळ्याचा मुक्काम खानदेशात टाकायचा आणि तीन नवी नाटकं करायची, तिन्हींचा प्रश्न एकच, आपण कोण? पहिलं, कोकणातून येऊन जळगावात स्थायिक झालेल्या कुटुंबाचं, ज्याला घर म्हटलं की नक्की कुठलं तेच उमगत नाही. दुसरं, सातपुड्याच्या पायथ्याहून जिनिंगच्या कामाला उतरलेल्या नवराबायकोचं, ज्यांची पोरं त्यांची बोली विसरतात. आणि तिसरं, पुण्यात शिकून आलेल्या एका मुलाचं, ज्याला आपल्या खानदेशी आईच्या बोलण्याची लाज वाटते. ती आई मी.

मालकांनी विचारलं, "तू कुठला?" हे त्यांना दहा वेळा सांगून झालं होतं, तरी मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, मग ही आई तुझ्या आईसारखी बोलू दे. मी चाट पडलो. तोवर नाटकात आमची बोली कोण बोलायचं? गडी बोलायचा, चोर बोलायचा, तोंडात दात नसलेला म्हातारा बोलायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. त्या बोलीत आई रडली तर लोक काय करतील? मालकांनाही ठाऊक नव्हतं. तेच तर बघायचंय, म्हणाले.

जळगावात कापसाचं एक गोदाम पावसाळ्यात रिकामं मिळालं. दसऱ्यापर्यंत कापूस यायचा नाही, तोवर नाटक. भिंतीच्या फटीतून जुनं सरकीचं पीठ झडायचं आणि गाताना ठसका लागायचा. पहिली दोन नाटकं बरी चालली. तिसऱ्या नाटकात मी तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला हशा. 'माय वं' म्हटलं की हशा, 'आहे'ला 'शे' म्हटलं की हशा. मधल्या अंकात थोडे गप्प झाले, एवढंच. खेळ संपल्यावर जळगावशेजारच्या असोद्याचे एक केळीवाले म्हातारबाबा रंगपटात आले. त्यांची तक्रार निराळीच. हे नाटक खानदेशी म्हणता, मग ही भाषा कोणती? आमच्याकडे असं कुठं बोलतात? ही तर पलीकडची, धुळ्याकडची. मालकांना आनंद झाला. त्यांनी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, मग तुम्ही कसं बोलता? म्हातारबाबांनी चांगला तासभर बोलून दाखवलं. मालक ऐकत राहिले. मी तोंडावरचा रंग उतरवत मनात म्हटलं, घ्या, खानदेश कोणता हेही अजून ठरलेलं नाही, आणि आपण विचारतोय आपण कोण.

मग धुळ्याला आलो. इथं बोली माझी, माणसं माझी. पहिल्या खेळाला कुणी हसलं नाही. दुसऱ्या खेळाला पुढच्या रांगेतले एक वकीलसाहेब धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना मी विंगेतून पाहिले. लोक घरी जाऊन बायकांना सांगू लागले, बायकांची मागणी आली, आणि मालकांनी रविवारी दुपारी फक्त बायकांसाठी खेळ लावला. श्रावण होता. आदल्या रविवारी घरोघरच्या कानबाया होऊन गेल्या होत्या, त्यामुळं बायका मोकळ्या होत्या. आसपासच्या गावांतून गाड्या भरभरून आल्या.

नाटकाच्या शेवटी आई कानबाई बसवते आणि लाजणारा मुलगा येऊन तिच्या पायाशी बसतो, असा प्रवेश होता. तोवर आम्ही चौरंगावर नुसता कळस मांडून वेळ मारून नेत होतो. मालक म्हणाले, बायकांचा खेळ आहे, त्यांना फसवता यायचं नाही, तुझ्या घरी मांडतात तस्सं मांड. धुळ्याच्या बाजारातून नारळ आणला, नथ आणली, बांधावरून कण्हेर तोडून आणली. पडदा वर गेला आणि मी मांडायला बसलो. माय कसं करायची हे मला आठवतं की नाही, अशी शंका होती. पण हातांना सगळं ठाऊक होतं. आधी चौरंगाखाली गहू, मग पाट, मग नारळाचं तोंड उगवतीकडे, लुगड्याच्या निऱ्या, कुंकू, दिवा. मायचे शब्दही तोंडून आपोआप गेले. मुलगा येऊन पायाशी बसला, पेटीवाल्यानं सूर धरला आणि पडदा पडला.

आम्ही सामान आवरायला घेतलं. संध्याकाळी एका जुन्या, राजाराणीच्या नाटकाचा खेळ होता, राजवाडा उभा करायचा होता. पडदेवाल्यानं चौरंगाला हात घातला, तोच पडदा बाजूला सारून एक अक्का वर आल्या. ठेंगण्या, भरदार, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्या मागं दहा-बारा बायका, कुणाच्या हातात हळदकुंकू, कुणाच्या ओटीत खण. अक्का पडदेवाल्याला म्हणाल्या, "हात लावू नको. बठेल कानबाई अशी उचलतस नही."

मालक पुढं झाले. हे नाटक होतं, नारळ बाजारातला, असं समजावू लागले. अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, नारळ सगळ्यांचेच बाजारातले असतात. दिवा लावला का? लावला. कुंकू लावलं का? लावलं. शब्द म्हटले का? मग झालं. आता रात्रीचा जागर आणि सकाळची बोळवण झाल्याशिवाय देवी हलायची नाही. आणि रविवार चुकलेले लोक पुढच्या रविवारी बसवतात, तेव्हा त्या हिशेबानं तिथीही बरोबर आहे. मागच्या बायकांनी माना डोलावल्या. आता त्यांच्याशी वाद कोण घालणार?

मला वाटलं, मालक भडकतील. तिकिटं विकलेली, राजवाडा पडद्यामागं तयार. पण त्यांचे डोळे चमकले. हा माणूस असल्या गोष्टीवर जीव टाकायचा. तिथंच मांडी घालून बसले आणि विचारलं, अक्का, मग आता पुढं काय करायचं असतं?

अक्कांनी उलट विचारलं, "ही कानबाई कोना घरनी शे?"

कुणाच्या घरची? आली का पंचाईत. कानबाई म्हटली की घर हवं, घर म्हटलं की भाऊबंद, आणि भाऊबंदांच्या मापाचे रोट. मालक म्हणाले, कंपनीची. कंपनी म्हणजे कोण? अक्कांनी एकेकाकडे बघायला सुरुवात केली. आमच्यात सातारचा होता, गोव्याचा होता, वऱ्हाडचा होता, तबलजी मुसलमान होते, पडदे रंगवणारा कुठला ते त्यालाही धड माहीत नव्हतं. आईबाप लहानपणी गेलेले. अक्का विचारात पडल्या. बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणाली हे नाटकवाले, यांना कुठलं आलंय कूळ. कुणी म्हणाली मग देवी काय वाऱ्यावर सोडायची? शेवटी अक्कांनी आचाऱ्याला बोलावलं आणि विचारलं, तुमची चूल किती? आचारी म्हणाला, पंगती दोन बसतात, पण चूल एकच. अक्का म्हणाल्या, चूल एक म्हणजे घर एक, प्रश्न मिटला. तबलजींनी हळूच विचारलं, मग माझंही माप का? अक्कांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाल्या, याच चुलीवर जेवतोस ना, मग टाक. तीन महिने ज्या प्रश्नावर आम्ही घसा कोरडा करत होतो, तो या बाईनं आचाऱ्याला विचारून सोडवला, याचं मला हसू आलं. मालकांना मात्र हसू आलं नाही, ते कान देऊन ऐकत होते.

मुदपाकखान्यातून गव्हाचं पोतं आलं, आणि समोर अजून बसून असलेल्या बायकांना दिसावं म्हणून अक्कांनी पडदा पुन्हा वर घ्यायला लावला. घरातला वडील म्हणून मालकांनी मापं टाकायची ठरलं. ते नाव घेत, वाटीभर गहू टाकत, आणि ज्याचं नाव घेतलं तो उगाचच जरा ताठ उभा राही. पडदे रंगवणाऱ्याचं नाव घेतलं तेव्हा तो तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागला. मी अजून आईच्याच लुगड्यात उभा होतो. मालकांनी माझं नाव घेतलं आणि वाटी भरली.

"थांबा," अक्का म्हणाल्या. त्यांनी मला विचारलं, तू इकडचाच ना? देवी मांडताना हात घरचे वाटले. मी म्हटलं, हो, नरडाण्याकडचा. मग तुझ्या घरी कानबाई बसत असेल. बसते. मग तुझं माप तिथं पडत असेल. दोन घरी एका माणसाचं माप पडत नाही. दोन्हीकडची देवी कोपते. बोल, तुझं माप तिथं आहे की नाही?

सगळे माझ्याकडे बघू लागले. मालक वाटी धरून उभे. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न फक्त स्वतःला विचारला होता, आणि आता साऱ्या धुळ्यासमोर त्याचं उत्तर द्यायची वेळ आली. हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर संपलंच, ज्या घरचे हात म्हणाल्या त्या घराशी आपल्या तोंडानं तोडलं. नाटकातल्या आईला कसा लगेच हुंदका यायचा, मला तो येईना.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या बाजूनं, पार मागच्या रांगेतून, कुणीतरी उभं राहिलं. पदर पुढं ओढलेला. आवाज मात्र मी लगेच ओळखला.

"त्यान्हं माप मन्हा घर शे," माय म्हणाली. "दरसाल पडस."

बायकांनी वाट केली, ती पुढं आली. गावातल्या गाडीतून कानबाईचं नाटक बघायला आली होती. त्यात मी आहे हे तिला ठाऊक होतं, आणि आबांना ती सांगून आली नव्हती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, अक्कांशीच बोलत राहिली. आबा मापं टाकतात, सगळ्यांची नावं घेतात, याचं नाव घेत नाहीत. धाकट्याचं माप टाकून झालं की हात पुन्हा पोत्यात जातो, आणखी एक माप पडतं. मग आबा स्वतःवरच चिडतात. दरसाल तेच. गेल्या रविवारीही तेच.

"काय म्हनतस आबा?" अक्कांनी विचारलं.

"म्हनतस, चुकीसन येक माप जास्त पडी गयं."

बायका हसल्या. मोठ्यानं नाही, आपल्या घरच्या माणसाला हसावं तसं. अक्कांनी मात्र पुढचं विचारलं, कारण रोट उरवता येत नाहीत हे त्यांना माहीत होतं. जास्तीचा रोट मग कोण खातं? माय म्हणाली, "आबाच खातस. कोनले हात लावू देतस नही."

अक्कांनी मालकांच्या हातातली वाटी पोत्यात परत ओतायला लावली. माझं माप कंपनीत पडलं नाही. माय मला एवढंच म्हणाली, पुढच्या साली मापाच्या दिवशी ये, आधी येऊ नको. आणि गाडी सुटेल म्हणून निघून गेली. मी लुगड्यातच बसून रडलो, आणि हे नाटकातलं रडणं आहे असं कुणालाही वाटलं नाही.

संध्याकाळचा राजवाडा उभा राहिला, पण एका कोपऱ्यात कानबाई आणि तिच्याभोवती राखण करणाऱ्या बायका तशाच होत्या, आणि राजानं त्यांना वळसा घालून प्रवेश केला. सकाळी पांझरेवर बोळवण झाली. चौरंग मालकांनी डोक्यावर घेतला. दुपारी कंपनीचे लोक रोट खायला बसले, तबलजी, पडदे रंगवणारा, सगळे. मी भुकेलेला, एकटा दाराशी बसून बघत होतो. त्या दिवसाइतका उपाशी राहून मी कधी खूश झालो नाही.

पुढच्या श्रावणात मालकांची रजा घेऊन घरी गेलो. आबा गव्हाच्या पोत्यापाशी बसले होते. खूप वाळले होते. मी दारात दिसलो तसा त्यांनी हात थांबवला. विचारलं, "लुगडं सोडं का?"

"नही, आबा," मी म्हटलं.

आबांनी धाकट्याचं माप टाकलं. मग माझं नाव घेतलं, स्पष्ट, घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि माप टाकलं. मग पोत्याचं तोंड बांधलं.

दुसऱ्या दिवशी रोट पुढं आले. कानबाईचा रोट म्हणजे चांगला जाड असतो, वर तूप, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी. मी तरणाताठा, प्रवासानं भुकेलेला, तरी माझ्या मापाचं संपवताना मला घाम फुटला. समोर आबा त्यांच्या पुरतंच हळूहळू खात होते, दात पडलेले, मध्ये मध्ये पाण्याचा घोट घेत. ताटातलं संपलं तसा त्यांनी पाठ भिंतीला टेकली आणि मायला म्हणाले, या साली पोटाला जरा आराम आहे.